टपावरचा पडदा

घरात त्याला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. आधी कौतुकाने म्हणत. पदवी हातात पडल्यावर त्याने घरचा मिक्सर दुरुस्त करायला घेतला आणि मिक्सर कायमचा मुका झाला, तेव्हापासून म्हणण्याचा सूर जरा बदलला होता.

त्यामुळे बाबांच्या गाडीच्या टपावर सौर पॅनल बसवायचं काम त्याने अंगावर घेतलं, तेव्हा आई आधी एवढंच म्हणाली, “टपाला भोकं पाडायची नाहीत.”

गाडी म्हणजे जुनी कॅम्पर व्हॅन. आत पलंग, शेगडी आणि जेमतेम हात धुण्यापुरतं बेसिन. जन्मभर दुसऱ्यांचा माल गावोगाव पोचवून झाल्यावर स्वतःसाठी हिंडायचं म्हणून बाबांनी ती घेतली होती. पण बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. तोंडावर मुखवटा चढवून, श्वासाचं मशीन चालू ठेवूनच झोपायचं. पहिल्याच मुक्कामी गाडीची बॅटरी संपली, मशीन थांबलं, आणि आई उजाडेपर्यंत उशाशी बसून बाबांना ढोसत राहिली. परत आल्यावर तिने जाहीर केलं, “गाडी विकायची.” बाबा रोज सकाळी अंगणात जाऊन गाडीची काच तेवढी पुसत राहिले.

ते बघवेना म्हणून शास्त्रज्ञ पुढे सरसावला होता.

“रविवारी गिऱ्हाईक येतंय,” आई म्हणाली. “त्याच्या आधी तुझ्या उन्हावर मशीन चालवून दाखव. ह्यांची दुपारची झोप नीट झाली, तर बघू. नाहीतर गाडी गेली.”

त्याला काहीच काळजी नव्हती, कारण हा तर त्याचा खास विषय. पॅनलवर धूळ बसली की वीज किती घटते, यावर त्याने प्रबंध लिहिला होता. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली धुळीचे कण मोजले होते. हे तो कुणी न विचारताही सांगत असे.

काम अगदी शास्त्रोक्त झालं. शेजारच्या रंगाऱ्याकडून शिडी आणली. टप घासून पुसून पॅनल धरायच्या पट्ट्या गोंदाने चिकटवल्या आणि गोंद धरेपर्यंत दाब हवा म्हणून त्यांच्यावर कॉलेजची जाडजूड पुस्तकं रचली.

“चला, शिक्षण कामाला आलं एकदाचं,” बाबा खालून म्हणाले.

पुस्तकं काढताना उष्मागतिकीचं तेवढं निघेना. गोंद बाहेर ओघळून ते टपाशी एकजीव झालं होतं. परीक्षेतही तो विषय त्याला असाच चिकटून बसला होता, लवकर सुटला नव्हता. त्याने नाद सोडला आणि पुस्तकाच्या बाजूने पॅनल बसवले.

जोडणी करताना पॅनलवर ऊन असेल तर तारांत वीज खेळते, म्हणून ते झाकायचे, हा नियम. नियम म्हणजे नियम. त्याने आईबाबांच्या खोलीतला रबरी अस्तराचा जाड पडदा काढला, आईकडून त्याच्या कडेने इलॅस्टिक शिवून घेतलं आणि पॅनलवर घट्ट चढवला. “मी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही,” असं सगळ्यांना बजावलं. मग शिडी परत केली आणि गाडीच्या पोटात शिरला.

रविवारी दुपारी शेवटचा फ्यूज बसवून त्याने पॅनलची वीज मोजणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्याकडे पाहिलं. शून्य.

बॅटरीच्या भरवशावर राहायचीही सोय नव्हती. आदल्या दिवशी दिवे, पंखा, पंप सगळं एकदम लावून त्याने तिची ताकद मोजली होती. मोजता मोजता ती संपली होती.

त्याने तारा तपासल्या. फ्यूज बदलला. मल्टिमीटर तपासायला दुसरा मल्टिमीटर आणला. दोघांचंही एकमत झालं.

आईने दारातून डोकं आत घातलं. “अरे, ते वरचं…”

“आई, एक मिनिट. मोजतोय.”

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. “मी काय म्हणते, ते तू…”

“अगं, इथे करंटचा पत्ता नाही आणि तुझं काय! आभाळ आलंय का बाहेर?”

“आभाळ कुठलं! चादर वाळून पापुद्रा झालीय नुसती.”

मग त्याला धूळ आठवली. अर्थात, धूळच! त्याने वहीच्या पाठीमागे भराभर गणित मांडलं. वीज शून्यावर यायची तर धुळीचा थर विटेएवढा हवा होता. तो खिन्नपणे गणित पुन्हा तपासायला बसला. चूक सापडली नाही. गणितात त्याची चूक सहसा नसेच.

तेवढ्यात बाबा उशी आणि मशीन काखोटीला मारून आले. डोळे तांबारलेले.

“झालं का रे? ते गिऱ्हाईक येऊन टेकायच्या आत मला झोपू दे. खोलीत तर झोपायची सोयच ठेवली नाहीस. सगळं ऊन तोंडावर! तो पडदा होता तेव्हा कवडसा म्हणून आत येत नव्हता. तो तू नेलास टपा…”

बाबांनी वर छताकडे पाहिलं. शास्त्रज्ञाच्या हातातला पेचकस खाली पडला.

“आई! तू सांगायचं नाहीस?”

“मघापासून काय करतेय? तू मोजत होतास.” आई म्हणाली. “आणि हात लावायचा नाही, असं तूच सांगितलंस. मला वाटलं, असेल तुमच्यात अशी पद्धत.”

तो शिडीसाठी धावला. रंगाऱ्याने विचारलं, “आता काय राहिलं?” त्याने “थोडी धूळ आहे,” असं सांगून वेळ मारून नेली.

पडदा ओढून काढताक्षणी आतून बाबा ओरडले, “अरे, आकडे आले! पळतायत!”

गिऱ्हाईक आलं तेव्हा बाबा पलंगावर मुखवटा लावून आडवे होते आणि मशीन एका लयीत फुसफुसत होतं. आई दारात स्टूल टाकून कान देऊन बसली होती. आज तिने एकदाही कुणाला ढोसलं नव्हतं.

“रात्री ऊन कुठून आणशील?” तिने हळूच विचारलं.

“बॅटरी भरतेय ना. रात्री ती पुरेल. आज अंगणातच झोपून बघू.” मग तो खाली मान घालून म्हणाला, “तिची ताकद मी परत मोजणार नाही.”

गिऱ्हाईक गाडीभोवती फिरलं, टायर दाबून पाहिले, मग शिडीवरून टप बघून आलं. “पॅनल छान आहेत हो. पण ते पुस्तक कसलं? गाडीबरोबरच येणार का?”

“हळू बोला, झोपलेत,” आई म्हणाली. “आणि पुस्तकाचं सोडा, गाडीच येत नाहीये तुमच्याबरोबर.”

शास्त्रज्ञ शिडी चढला. पॅनलवर एका कोपऱ्यात किंचित धूळ होती. त्याने ती बाहीने पुसली. तेवढ्याने काडीचाही फरक पडणार नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?