डिंकाचा थेंब

"मामा, त्याला तुमचंच नाव देणार हाय मी."

एबनेझरच्या हातातली काचेची बशी निसटता निसटता राहिली. "कुणाला गं?"

"किड्याला ओ!" तेजश्रीनं सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढलं. "नवी जात सापडली की शोधणारा नाव ठेवतो. मी तुमचं ठेवतीय. गाईड सर बी हो म्हणलेत."

शिरूरच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एबनेझर उजागरे एकतीस वर्षं शिपाई होता. निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. पोरं त्याला मामा म्हणत आणि प्राध्यापक त्याच्या हातांची तारीफ करत. मुंगीएवढा किडासुद्धा पाय न मोडता पुठ्ठ्याच्या त्रिकोणावर चिकटवावा तर एबनेझरनंच! तेजश्री त्याच्यासमोरच शिकली. खुटबावची पोर, आता पीएचडी करत होती. ढालकिड्यांचा एकच गट घेऊन बसली होती. मसुराएवढे किडे, वरून बघितले तर सगळे एका माळेचे मणी. मग शृंगिकेची, म्हणजे मिशीची, पेरं मोजायची, मानेवरचा डाग बघायचा, पंखांवरचे ठिपके, पोटावरची वळणदार रेघ, आणि त्यावरून एकेक जात वेगळी काढायची.

"ह्यो बघा. डोकं आन् मान एका जातीची, आन् पोटावरची रेघ दुसरीचीच. असा किडा कुठल्याच पुस्तकात न्हाई. अख्ख्या कपाटात एकच हाय. आपल्या जुन्या पलांडे सरांच्या किड्यांच्या पेटीतला, कोरेगाव भीमा, ज्वारीवरचा. सोमवारी पेपर पाठवायचाय."

एबनेझरनं भिंगाला डोळा लावला. किडा ओळखीचा होता. ओळखीचा कसला, त्याच्याच हातचा होता.

नोकरीला चारच वर्षं झाली होती तेव्हा. फडकं मारताना पलांडे सरांची पेटी हातातून सुटली आणि दहा-बारा किड्यांची मुंडकी वेगळी झाली. सर म्हणजे जमदग्नी! आधीच्या शिपायाला एका फुटक्या बरणीपायी त्यांनी घरी बसवलं होतं. जेवायच्या सुट्टीत दार लावून एबनेझर डिंक आणि सुई घेऊन बसला. बाकीची मुंडकी जिथली तिथं बसली. शेवटी एक डोकं उरलं आणि एक धड उरलं, एकमेकांशी काही संबंध नसलेलं. त्यांची जोडीदार शकलं फरशीवर टाचेखाली चुरडून गेली होती. मसुराएवढ्या किड्याचं कोण बघतंय, म्हणून त्यानं दोन्ही जोडून टाकली. संध्याकाळी सरांनी पेटी उजेडात धरली आणि म्हणाले, "एबनेझर, तुझ्या हाताला तोड नाही!" तेच वाक्य पुढच्या प्रत्येक सरानं उचललं. त्याच वाक्यावर ह्या गड्यानं अख्खी नोकरी काढली.

"काय मामा, आनंद न्हाई झाला व्हय?"

"झाला की," एबनेझर म्हणाला आणि बशी धुवायला गेला. ती स्वच्छच होती.

"दुसरा सापडावा म्हणून तीनदा कोरेगावला गेले. आप्पा बी आले जाळी घेऊन. धोतर नेसलेला म्हातारा लेकीसाठी किडे पकडतोय म्हणून लोक हसायचे. परवा आप्पांनी खुटबावात पेढे वाटले, मामा."

पेढे म्हटल्यावर मात्र एबनेझरला तिथं उभं राहवेना.

घरी त्यानं बायकोला, कृपाबाईला, नुसतं नावाचं सांगितलं. ती हरखली. "अगं बया! रविवारी चर्चमध्ये पाळकांना सांगू का?"

"कुणाला काय बी सांगायचं न्हाई!" तो असा खेकसला, की तिच्या हातातली चपाती तव्याबाहेर पडली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यानं स्वतःला बजावलं. अकरा दिवस काढायचे. मग कोण विचारतंय? पण कधीतरी, कुठल्यातरी मोठ्या शहरात, एखादा शहाणा त्या किड्याची मान सुईनं हलवून बघणार होता. लाज ह्याची आणि तोंडावर पडणार ती पोर. चहा पुढ्यात निवत गेला. एवढ्या वयात आपण एका लेकरामागे लपतोय, ह्या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तेजश्री आली तेव्हा टेबलावर बशीत कोमट पाणी होतं.

"ह्यो एक किडा न्हाई," एबनेझर म्हणाला. "दोन हायेत. पेटी माझ्या हातनं पडली व्हती. मीच चिकटवलेत."

ती हसली. "सकाळी सकाळी मस्करी व्हय, मामा?"

"पाण्यात सोड."

"एकच हाय ओ तो!"

"डिंक हाय. पाण्यात सुटंल. सोड तू."

तिनं चिमट्यानं किडा पाण्यात सोडला. दोघंही वाकून बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग डिंकाचा पांढुरका थर सुटला आणि मान धडापासून हळूच बाजूला सरकली.

तेजश्री स्टुलावर बसली. "काल का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली."

"आन् आज?"

"आजबी वाटतीय."

तिनं त्याच्यासमोरच गाईडना फोन लावला. "हो सर... न्हाई सर, नवी न्हाई. जोडलेला हाय... माझ्याच लक्षात यायला पायजे होतं... सॉरी सर." एबनेझरचं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिनं दुसरा नंबर काढला, त्यावर 'आप्पा' लिहिलेलं होतं. थोडा वेळ बघितलं आणि फोन पालथा ठेवला.

दोन्ही तुकडे टिपकागदावर सुकवून तिनं वेगवेगळ्या त्रिकोणांवर चिकटवले. काम नेटकं झालं.

"लेबल लिहा, मामा. तुमच्यासारखं बारीक मला जमत न्हाई."

एबनेझरनं चष्मा पुसला. नखाएवढ्या पट्टीवर त्यानं लिहिलं: 'दोन वेगळे किडे. चुकीने एकत्र जोडलेले, आता वेगळे केले.' खालच्या ओळीला पेन थांबलं. मग त्यानं आणखी लिहिलं: 'जोडणारा: एबनेझर याकोब उजागरे, शिपाई.'

"नाव कशाला टाकलं? कुणी विचारणार बी न्हाई."

"तू किड्याला माझं नाव देणारच व्हतीस की," तो म्हणाला, आणि शाई वाळावी म्हणून पट्टीवर हलकेच फुंकर घालू लागला.