डबल बेल

"काका, ब्रेक माझ्याकडे आहे," जीपवाला म्हणाला आणि सगळं पोट हलवत हसला.

शेजारच्या सीटवरच्या, रिटायर झालेल्या ड्रायव्हरसाहेबांनी ओशाळून उजवा पाय मागे घेतला. वळण आलं की त्यांचा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जाई. बेटावर आल्यापासून हे रोज चाललं होतं. पाहुण्यांना समुद्रावर न्यायला-आणायला गेस्ट हाउसची ही उघडी जीप होती, आणि साहेब तिच्यात बसून बेटावरची यच्चयावत वळणं पायाने घेत होते.

"अख्खी नोकरी त्या पायावर काढलीय हो," मागच्या बाकावरून त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, खुलासा केला. "पेन्शन त्यांना लागू झाली, पायाला कळवायचं राहिलं."

खोड बाईंचीही सुटली नव्हती. सगळे बसले की त्या खोलीच्या किल्लीने जीपच्या लोखंडी दांड्यावर दोनदा ठोकत. टण टण म्हणजे निघा. एकदाच ठोकलं तर थांबा. जीपवाल्याला याची इतकी मजा वाटली होती, की आता टण टण झाल्याशिवाय तो गिअरच टाकत नसे.

दोघांनीही प्रवासी बसवर नोकरी केली होती, ते ड्रायव्हर आणि त्या कंडक्टर. नवरा-बायकोला एका गाडीवर ड्युटी देत नाहीत, पण डोंगरापलीकडची मुक्कामी गाडी कुणालाच नको असायची. रात्री शेवटच्या गावात झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परतायचं. डेपो मॅनेजरने वैतागून ती या दोघांच्या गळ्यात मारली आणि पुढे काढून घ्यायचं विसरून गेला. घरी बाई त्यांना 'अहो' म्हणत, गाडीत चढल्या की 'ड्रायव्हर'. भांडण झालेलं असेल तर दिवसभर नुसत्या बेलने बोलत. पण एक नियम दोघांनी कधी मोडला नाही. सिंगल बेल आली की आधी ब्रेक, मग प्रश्न. आणि डबल बेल आल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही. एका धुक्याच्या पहाटे दारातून वाकून बघताना बाईंना रस्त्याची कड खचलेली दिसली. त्यांनी एकच टण दिला आणि गाडी होती तिथे उभी राहिली. काय झालं, हे साहेबांनी खाली उतरल्यावर विचारलं. त्या दिवशी या माणसावर आपला जीव जडला, असं बाई सांगतात. लग्न त्याच्या बरंच आधी झालेलं होतं, तो भाग वेगळा.

रिटायर झाल्यावर साहेब जेमतेम महिनाभर घरी बसले. मग कपाटं लावून झाली, पंखे पुसून झाले, बाईंच्या स्वयंपाकात नाक खुपसून झालं, आणि एके दिवशी ते एका शाळेची बस चालवायला लागले. मुलं त्यांना बसआजोबा म्हणत. घरात पुन्हा हसणं सुरू झालं.

गेले काही महिने मात्र बाईंना एकच घोर लागला होता. साहेबांना बाजूचं दिसत नव्हतं.

लांबचं दिसायचं. समुद्रातल्या बोटीवरचं नाव ते बाईंच्या आधी वाचत. लायसनच्या वेळी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला होता. पण दाराची चौकट खांद्याला लागायची. कुणी शेजारी येऊन उभं राहिलं की ते दचकायचे. ताटाच्या कडेची पपईची फोड तशीच राहून जायची. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की उसळून म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? ती समोरची पाटी वाचून दाखवू?" आणि वाचून दाखवायचे. बाईंच्या डोळ्यांसमोर मग बसच्या कडेने धावत येणारं एखादं पोर उभं राही.

लेकीने हट्टाने या बेटावर पाठवलं, तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं होतं, तिथे निवांत बोलायचं. पहिल्या दिवशी वाटलं, आजच कशाला. मग साहेब कंबरभर पाण्यात उभे राहून लाटेबरोबर ओरडायला लागले. असे ओरडताना बाईंनी त्यांना तरुणपणीही पाहिलं नव्हतं. बोलायचं पुढे ढकलता ढकलता सुट्टी संपत आली. परवा निघायचं होतं आणि घरी पोचल्यावर लगेच शाळा उघडणार होती.

त्या संध्याकाळी साहेबांना बसमधल्या मुलांसाठी शिंपले गोळा करायचे होते.

"प्रत्येकाला एक," ते म्हणाले. "आणि तुटका नको. नाहीतर ती पुढच्या सीटवरची दोन वेण्यांची आहे ना, डोकं खाईल माझं."

ते हातात डबा घेऊन ओल्या वाळूतून चालले होते आणि बाई त्यांच्या मागून. नारळाच्या झाडांच्या लांब सावल्या पाण्यापर्यंत आल्या होत्या. साहेब पावलासमोरचे शिंपले वाकून वाकून उचलत. पण त्यांच्या दोन्ही बाजूंना, हातभर अंतरावर, मोठेमोठे, रंगीत, एक तडाही न गेलेले शिंपले पडलेले होते आणि ते सोडून साहेब सरळ पुढे जात होते. बाई ते वेचत राहिल्या. त्यांची ओंजळ भरली, मग ओढणीचा पदर भरला.

"अगं बाई, तुला एवढे कुठे सापडले?" साहेबांनी मागे वळून विचारलं. "मला तर काहीच मिळेना. माणसं आधीच उचलून नेतात बघ."

"हो ना," बाई म्हणाल्या. त्यांना तिथेच वाळूत बसून रडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर साहेब जीपवाल्याच्या मागे लागले. बेटाला चक्कर मारणारा एकच रस्ता होता, त्याला फाटे नव्हते की सिग्नल नव्हते. दुपारी तिथे चिटपाखरू नसे.

"एक फेरी मारू दे. जाण्याआधी एकदाच," साहेब म्हणाले. "इथे आल्यापासून मी सामानासारखा बसून आहे."

"घ्या की काका. ड्रायव्हरला ड्रायव्हर नाही म्हणणार आहे का?" जीपवाल्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि तो जेवायला गेला.

नको, हा शब्द बाईंच्या ओठांवर आला होता. पण साहेबांनी ती किल्ली ज्या रीतीने मुठीत धरली, ते पाहून त्यांच्याने तो बोलवेना. रस्ता रिकामा आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. शिवाय मी आहे मागे.

"पुढे बस ना," साहेब म्हणाले.

"माझी जागा मागे," बाई म्हणाल्या आणि बाकावर बसून त्यांनी दांड्यावर खोलीची किल्ली दोनदा वाजवली.

गाडी सुरेख निघाली. साहेबांचा हात अजून तसाच होता, गिअर कधी पडला ते अंगाला कळू न देणारा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उतारावर केळी आणि लहान लहान घरं. वारा कानात भरत होता. साहेब मोठ्याने काहीतरी म्हणाले, ते वाऱ्यात उडून गेलं, पण ते खुशीत होते हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. त्यांना वाटलं, आपणच उगाच धास्तावलो असू. वय झालं की माणसं भित्री होतात.

मग डावीकडच्या उतारावरून एक तरुणी सायकल हातात धरून खाली येताना त्यांना दिसली. सायकलच्या कॅरिअरवर एक लहान मुलगी दोन्ही पाय हलवत बसली होती. पायवाट सरळ रस्त्याला येऊन मिळत होती. झाडी नव्हती, भिंत नव्हती. कुणालाही लांबूनच दिसावं असं होतं.

दिसेल त्यांना, बाईंच्या मनात आलं. आता वेग कमी करतील.

साहेबांचं डोकं सरळ रस्त्याकडे होतं. जीप तशीच चालली होती. सायकलचं पुढचं चाक डांबरावर आलं.

टण.

किल्ली दांड्यावर आपटली आणि त्याच क्षणी जीप करकचून थांबली. बाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. सायकलवाली बंपरच्या अगदी पुढ्यात खिळून उभी होती. मग तिने मुलीला एका हाताने छातीशी धरलं, साहेबांकडे जळजळीत नजरेने पाहिलं, आणि सायकल ढकलत पलीकडे निघून गेली.

इंजिन चालू होतं.

"कुठून आली ही?" साहेबांनी विचारलं. आधी ब्रेक, मग प्रश्न.

"डावीकडून. उतारावरून."

"एकदम?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मघापासून येत होती. मला वाटलं, तुम्हाला दिसेल."

साहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर रस्त्यावर.

"सरळ बघितलं ना," ते शेवटी हळूच म्हणाले, "की मला माझे हातसुद्धा दिसत नाहीत. स्टिअरिंग दिसतं, वरचं. हात नाहीत."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. मान वळवून वळवून निभावत होतो." मग घसा खाकरून म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"मलाही बरेच दिवस झाले."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात?"

बाईंना वाटलं होतं, ते चिडतील. पाटी वाचून दाखवतील. पण साहेबांनी मान वळवून ती पायवाट वरपर्यंत बघितली. समुद्रावरून ऊन सरकत सरकत जीपच्या बॉनेटवर आलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, पाठ ताठ केली आणि नेहमीच्या, ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "चल. दोन दे. अर्धा रस्ता राहिलाय. हळू घेतो."

बाईंनी किल्ली मुठीत धरली होती. लग्नात घातलेल्या हारापेक्षाही या माणसाने त्यांच्या बेलला जास्त मान दिला होता, हे त्यांना ठाऊक होतं. दोनदा वाजवलं की जीप निघणार होती. अर्धा रस्ता तर होता. आणि मग परवा शाळेची बस.

त्यांनी हात मांडीवर ठेवला.

साहेबांनी पायाखाली क्लच दाबून धरला होता. ते वाट बघत होते. मागे वळून बघत नव्हते. मुक्कामी गाडीवर असताना एकदा, एक म्हातारा प्रवासी उतरताना पडला म्हणून बाई खाली गेल्या होत्या, तेव्हाही ते असेच बसून राहिले होते, पाठीमागे पन्नास माणसं आरडाओरडा करत असताना. बेल नाही, तर गाडी नाही.

"कंडक्टर," साहेब म्हणाले. आवाजात विनवणी होती.

"नाही, ड्रायव्हर," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने क्लचवरचा पाय निघाला. साहेबांनी गाडी न्यूट्रलवर घेतली. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. इंजिन थांबल्यावर समुद्राचा आवाज एकदम जवळ आला. त्यांनी किल्ली काढून, मागे न बघता, खांद्यावरून बाईंपुढे धरली आणि बाईंनी ती घेतली. त्यांचे हात एकमेकांना लागले तेव्हा साहेबांची बोटं गार होती.

बाईंनी गेस्ट हाउसला फोन लावला. जीपवाला कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून येईपर्यंत दोघं रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते. गाडीला काय झालं, असं जीपवाल्याने विचारलं. "गाडी झकास आहे," साहेब म्हणाले. "सांभाळ तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी शिंपले नळाखाली धुऊन टॉवेलवर पसरले. बाई बॅगा भरत होत्या. साहेब एकेक शिंपला डोळ्यांसमोर धरून, फिरवून बघत होते. तुटका एकही नव्हता. मग ते फोन घेऊन व्हरांड्यात गेले. शाळेच्या मालकांशी ते बोलत होते, तेवढं बाईंना आतून ऐकू आलं. "नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. दुसरा माणूस बघा... हो, उद्यापासूनच... नाही, नाही, पुन्हा नाही." मग म्हणाले, "मुलांना द्यायचं आहे थोडंसं. गेटशी येऊन उभा राहीन, चालेल ना?"

आत आल्यावर ते म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग लाव पोचल्यावर." आणि डब्याचं झाकण लागतं का ते बघायला लागले.

धक्क्यावर जायला जीप दारात आली. सामान चढलं. जीपवाल्याने पुढच्या सीटवरची धूळ हाताने झटकली. "बसा काका, तुमची जागा."

"आज मागे बसतो," साहेब म्हणाले. चढताना त्यांचा खांदा दांड्याला लागणार होता. बाईंनी मध्ये हात धरला. साहेब बाईंच्या शेजारी बसले, शिंपल्यांचा डबा मांडीवर घेऊन. इतक्या वर्षांत ते कुठल्याही गाडीत बाईंच्या शेजारी असे बसले नव्हते.

जीपवाला आरशातून बघत थांबला. बाईंनी परत द्यायची राहिलेली खोलीची किल्ली उचलली. तेवढ्यात साहेबांनी हात पुढे केला.

"आण इकडे."

त्यांनी किल्ली घेतली. दांडा नेमका कुठे आहे, ते बोटांनी चाचपून पाहिलं. आणि ठोकलं.

टण.

मध्ये बराच वेळ गेला.

टण.

आयुष्यात त्यांनी बेल कधी दिलीच नव्हती. जीपवाला गोंधळून मागे वळला. "काका, थांबू की निघू?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. त्यासाठी त्यांना मान पूर्ण वळवावी लागली.

"निघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना पुढचं काही दिसेना.

जीप निघाली. पहिलं वळण आलं, तेव्हा साहेबांचा उजवा पाय किंचित उचलला गेला आणि परत, हळूच, होता तिथे टेकला.