अश्विनच्या सासेजची माळ

माह्या हातच्या भाजीले नाव ठेवणारा माणूस ब्रह्मपुरीत अजून जन्माला यायचा आहे. हे मी नाई म्हणत, आमचा अख्खा वॉर्ड म्हणते. विहारात कार्यक्रम असो, कोणाकडे लग्न असो, मोठ्या गंजात तिखट किती टाकायचं हे विचारायले माणूस आमच्याच दारात येते. म्हणून आता जे सांगणार आहे ते सांगताना मले लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय राहवत बी नाई.

आमचे गुरुजी, म्हणजे माह्ये मालक खुशाल, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. सारं गाव त्यायले गुरुजी म्हणते म्हणून मी पण म्हणते. तेहतीस वर्षं पोरं शिकवली, अन् एकदा लाल पेनानं दिलेला मार्क कधी खोडला नाई. तोच हट्ट घरात. आमचा एकुलता एक अश्विन बी.एस्सी. झाला तसा गुरुजीनं बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला. पोरगं म्हणे, मले स्वयंपाक शिकायचा आहे, अन् बाजूच्या मिथुनसोबत सरळ गोव्याच्या हॉटेलात निघाला.

गुरुजी भडकले. "माह्या बापानं दुसऱ्याच्या वावरात राबून मले मास्तर केलं, अन् हा लोकायच्या पलेटी धुवायले चालला!"

"धुवायले नाई बाबा, भरायले," अश्विन म्हणाला.

तिथंच बिनसलं. "आता तुम्ही स्वतः बोलवाल तेव्हाच येईन," म्हणून जो गेला तो गेलाच. दोन चौदा एप्रिल झाले. जयंतीले घरोघरची पोरं पुण्या-मुंबईवरून आली, माह्या घरी पुरणाची पोळी करायची बी इच्छा झाली नाई.

आणखी एक गोष्ट सांगते. अश्विन झाला तेव्हापासून गुरुजी मले "अश्विनची आई" म्हणून हाक मारत. पोरगं गेलं त्या दिवसापासून मी "सत्यशीला" झाली. नाव माह्यंच आहे, बापानं हौसेनं ठेवलेलं आहे. पण ते त्यायच्या तोंडून ऐकलं की पोरगं घरात नाई हे पुन्हा आठवत होतं.

तर या मार्चमध्ये मिथुन सुट्टीवर आला अन् एक डब्बा देऊन गेला. उघडून पाह्यलं तर आत लालकाळी माळ. अंगठ्याएवढे जाड नऊ तुकडे, एका दोऱ्यात बांधलेले. वास असा खमंग की शेजारची मांजर भिंतीवर येऊन बसली.

"काकू, हे सासेज होय," मिथुन म्हणाला. "तिकडे डुकराचं करतात. पण गुरुजी ते खात नाईत म्हणून अश्विननं बोकडाचं केलं. मटण, लसूण, सिरका अन् तुम्ही पाठवलेली भिवापुरी मिरची. आतड्यात भरून वाळवलं. पहिल्यांदाच त्यानं आपल्या मनानं केलं, हॉटेलच्या साहेबाले बी अजून चाखू दिलं नाई. म्हणे, पहिले बाबा खातील."

मिरची मी गुपचूप पाठवली होती, दोन किलो. मेल्या मिथुननं ती गोष्ट गुरुजीसमोरच फोडली! मी जीभ चावली. पण गुरुजी रागावले नाईत. पेपर खाली ठेवला, माळेकडे जरा वेळ पाह्यलं अन् म्हणाले, "आजच कर."

बाप्पा! दोन वर्षांत पोराच्या नावावर निघालेला हा पहिला चांगला शब्द. माह्या अंगात दहा हत्तीचं बळ आलं.

आता वाळलेलं म्हटलं की आमच्याकडे रीत ठरलेली. बोंबील असो, झिंगे असो, आधी कढत पाण्यात भिजवायचं, चांगलं पिळायचं अन् ते पाणी फेकायचं. रेती जाते, खार जाते, उग्र वास जाते. माह्या आईनं मले शिकवलं, मी अख्ख्या वॉर्डाले शिकवलं. दोन सासेज काढले, वरची कातडी सोलली अन् टाकले पाण्यात. पाणी असं लाल झालं, असं लाल झालं, की मी म्हटलं, पाहा, किती घाण होती! दुसरं पाणी घेतलं. पुन्हा पिळलं. ते सारं लाल पाणी मागच्या अंगणातल्या वांग्याच्या झाडाले टाकलं. अन् पोराची चव पोराचीच राहावी म्हणून माह्यं तिखट-मीठ चिमूटभर बी टाकलं नाई. थोड्याशा तेलात कांद्यावर परतलं अन् ताटात वाढलं.

गुरुजीनं पहिला घास घेतला. चावला. चावतच राह्यले.

"रबर आहे," ते म्हणाले. "ना मीठ, ना तिखट. दोन वर्षं घरदार सोडून हेच शिकला का तो?"

ताटातलं सासेज बाजूले सारलं अन् वरण-भात खाऊन उठले. मी एक तुकडा तोंडात टाकून पाह्यला. खरं सांगते, ओली चिंधी चावल्यासारखं लागलं. मले पोराचाच राग आला. त्या दिवशी मी भांडी अशी घासली की दोन घरं पलीकडे आवाज गेला असन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात जाऊन अश्विनले फोन लावला.

"आई, खाल्लं का बाबानं?" हॅलो नाई, काई नाई, हेच पहिलं.

"तू पहिले मले सांग, त्यात मीठ टाकलंच नाई का तू?"

"काऊन? तू केलं कसं?"

मी कसं कसं केलं ते सांगितलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "पाणी फेकलं?"

"हौ. घाण होती ना लाल लाल."

"घाण नाई वो आई, तोच मसाला होता! किती दिवस मुरवला होता मी!"

अव माय! मी वांग्याच्या झाडाकडे पाह्यलं. पोराची सारी मेहनत त्या झाडानं पिली होती, अन् ते मजेत डोलून राह्यलं होतं.

बरं पोरगं बापावर गेलं नाई, हसायले लागलं. हसता हसता मलेच स्वयंपाक शिकवला. म्हणे, कातडी काढ अन् हातानं कुस्कर. कोरड्या तव्यावर मंद आचेवर ठेव, तेल टाकू नको, त्याचीच चरबी सुटते. चरबी लाल झाली की कांदा टाक. वरून मीठ नको, मसाला नको. मग तुले वाटन ते कर. पोहे टाक, उकडलेले आलू टाक, अंडी फोड, नाई तर शिळा भात परत. एका सासेजमध्ये दोन माणसाचं भागते.

"पण बाबा काय म्हणाले?" त्यानं पुन्हा विचारलं.

"त्यायचं पोट बरं नव्हतं," मी ठोकून दिलं. "अजून खाल्लं नाई."

"बरं." त्याचा आवाज खाली गेला. "आई, मले साहेबाचं सर्टिफिकेट नाई पाहिजे. बाबानं एकदा चांगलं म्हटलं अन् ये म्हटलं ना, तर मी जयंतीले घरी येतो."

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? आत जाऊन नवऱ्याले सांगितलं असतं की बापा, चूक माही होती, पोराची नाई. पण माह्या तोंडातून निघन तर शपथ! चौतीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकातली एक चूक कबूल केली नाई. भात लागला तर गॅस खराब, वरण खारट झालं तर मिठाचं पाकीट नवीन. मी म्हटलं, कबूल कशाले करायचं? नाक दाबलं की तोंड उघडते. वासानंच काम करू.

रविवारी तीन सासेज कुस्करले. खरंच चरबी सुटली, लालभडक, अन् लसणाचा वास साऱ्या घरात फिरला. त्यात कांदा अन् पोहे परतले, वरून बचकभर हिरवा सांबार चिरून पेरला. दर रविवारी गुरुजीचे दोस्त गुणवंतराव आमच्याकडे पेपर वाचायले येतात, ते बी रिटायर मास्तर. त्यायनं एक पलेट खाल्ली, दुसरी मागितली.

"वहिनी, हे आजवर कुठी लपवून ठेवलं होतं?"

"अश्विननं केलं आहे, भाऊजी. गोव्यावरून पाठवलं," मी मुद्दाम मोठ्यानं बोलली.

"मास्तर, पोरगं तुमच्यापेक्षा हुशार निघालं!"

गुरुजी पेपरामागं होते. पेपर जरासा हलला, नाक बी हललं, पण हात काई पुढं आला नाई. "मले साधे पोहे दे, सत्यशीला," म्हणाले.

मंगळवारी दोन सासेज आलूत टाकले. मी एकटीनंच पोळीसोबत खाल्ले अन् बोटं चाटली. गुरुजीनं दही-भात खाल्ला. मी म्हटलं, "थोडं चाखून तर पाहा." तर म्हणाले, "एकदा निकाल लागला की लागला." तिकडून पोराचा रोज फोन, बाबानं खाल्लं का, अन् माही रोज नवी थाप. गुरुजीचं पोट मी आठ दिवस बिघडवून ठेवलं. माळेत दोनच तुकडे उरले होते, अन् मले झोप लागेना.

पुढच्या रविवारी गुणवंतराव आले अन् बसता बसताच म्हणाले, "वहिनी, आज ते सासेज नाई का?"

मी काई बोलायच्या आधीच गुरुजी बोलले. "काय लागलं त्याच्या मागं, गुणवंतराव! मी खाल्लं आहे ते. पोरगं नापास आहे."

माह्या हातात पोहे परतायचा सराटा होता. नापास! माह्या पोराले, परक्या माणसासमोर! डोकं असं तापलं की पुढचं मी बोलली का माही जीभ, मले माहीत नाई.

"पोरगं नाई, मी नापास आहे!" मी ओरडली. "म्या धुतलं ते! बोंबलासारखं दोन पाण्यानं धुतलं, पिळलं, अन् सारा मसाला वांग्याच्या झाडाले टाकला! पोरानं सोन्यासारखं करून पाठवलं होतं, म्या त्याची माती केली! अन् आठ दिवस झाले, मले सांगायची हिंमत होत नाई!"

बोलून झालं अन् मले रडू फुटलं. गुणवंतरावासमोर, हातात सराटा धरून. आता साऱ्या वॉर्डात बोभाटा होणार, हे तेव्हाच समजलं. होऊ दे म्हटलं.

गुणवंतराव हळूच खाकरले. "मास्तर, पेपर तपासायच्या आधीच पाण्यात बुडाला म्हणायचा. अशा केसमध्ये फेरतपासणी करावी लागते."

गुरुजीनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग मले विचारलं, "किती उरले?"

"दोन."

"कर."

अन् खुर्ची उचलून स्वयंपाकघरात येऊन बसले. मी परीक्षेले बसल्यासारखी गॅसपुढं उभी राह्यली. कुस्करलं, मंद आचेवर ठेवलं, चरबी सुटू दिली, कांदा टाकला, सकाळचा भात टाकला. सराटा फिरवताना मी मनातल्या मनात म्हणत होती, अश्विन, बेटा, आता तूच सांभाळ.

गुरुजीनं घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. तिसरा. गुणवंतरावाले विचारलं बी नाई.

"मिरची भिवापुरीच आहे," एवढंच म्हणाले. ताट साफ झाल्यावर डोळे पुसले.

"तिखट लागलं का?" मी विचारलं.

"हौ," म्हणाले. "तिखटच आहे. फोन लाव त्याले."

मी लावला अन् त्यायच्या हातात दिला. स्पीकर मीच सुरू केला, सोडते का मी!

"हॅलो, मी बोलतो," गुरुजी म्हणाले. पलीकडे भांड्याचा आवाज येत होता तो एकदम बंद झाला. "मीठ जरा जास्त आहे. दहापैकी आठ देतो."

"आठ?" अश्विननं विचारलं.

"आठ कमी नसतात. मी तुले गणितात कधी आठ दिले नाई. अन् पहिल्यांदा नापास केलं होतं, ते चुकीचं होतं. माही चूक नाई ती, तुह्या आईनं धुतलं होतं. पण मी विचारायले पाहिजे होतं, ते विचारलं नाई." फोन दुसऱ्या हातात घेतला. "जयंतीले ये. हे कसं करतात ते इथी करून दाखव. तुह्या आईले शिकायचं आहे."

"येतो बाबा," पोरगं म्हणालं. आवाज असा आला की आठ वर्षाचं असताना शाळेतून पहिला नंबर घेऊन आलं होतं ना, तसा. मी पदर तोंडाले लावला. गुणवंतरावानं कढईतला उरलेला भात कधी संपवला ते कोणालेच समजलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर गुरुजी आंघोळ करून, टोपी घालून, कापडी थैली घेऊन तयार.

"कुठी निघाले?"

"भिवापूरले. मिरची पाहतो. तू गुपचूप पाठवली ती मी तेव्हाच पाह्यली होती, ठीक होती, पण देठ तुटलेले होते. पोराले चांगली पाहिजे." पायात चप्पल सरकवली अन् दारातून मागं वळले. "अन् अश्विनची आई, डब्बा देशीन का बांधून?"

मी जागची हलली नाई. दोन वर्षांनी ऐकलं होतं. एकदा ऐकून कसं भागन? मी कणीक मळता मळताच म्हटलं, "काय म्हटलं जी? मले ऐकू नाई आलं."

गुरुजी दारात उभे राहून, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन असं मोठ्यानं म्हणाले, "अश्विनची आई! डब्बा!"