कंसमामाच्या तोंडून

शप्पथ घेऊन सांगते! गळ्याची, डोळ्यांची, म्हणाल त्या अवयवाची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझी नात म्हणते, आजीची गोष्ट गाळून घ्यावी लागते. घ्या बापड्यांनो गाळून. गाळणीत एक कण राहिला तर माझं नाव बदला.

मी तेव्हा दुभाषी होते. मोठमोठ्या देशांच्या मोठमोठ्या बैठका व्हायच्या, आणि मी हॉलच्या कडेला, वरच्या अंगाला, काचेच्या खोलीत बसून कानात ऐकायचे आणि माईकमध्ये बोलायचे. तो बोलत असतानाच आपण बोलायचं, थांबून नाही. एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं, हे जमत नाही असं लोक म्हणतात. त्यांनी आमच्या घरातल्या बायका पाहिलेल्या नाहीत.

आमच्या कामात एक नियम असतो. वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'ते असं म्हणतात' वगैरे भानगड नाही. वक्ता पुरुष असला तर आपणही पुरुष. दिवसभर मी 'निषेध करतो', 'सहमत आहे, पण सही करणार नाही' असं बोलायचे, आणि घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणायचे, "चहा टाकतो." तो म्हणायचा, "टाका साहेब."

दुसरा नियम म्हणजे पदरचा एक शब्द घालायचा नाही. आमची हेडबाई या बाबतीत फार कडक. ती दाराशी उभी राहिली की पंखे आपोआप हळू व्हायचे, मी स्वतः पाहिलंय. तिनं मला वर्षभर तात्पुरतं ठेवलं होतं. म्हणाली होती, "या बैठकीनंतर तुला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवीन. तू नळ आहेस. पाणी दुसऱ्याचं. नळानं स्वतःचं मत दिलं की मी नळ बदलते."

घरी तेव्हा नवरा शिडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसलेला. मुलगी पहिलीत. सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जशी मीच शिडी हलवली. नोकरी गेली असती तर आम्ही काय केलं असतं, हे मला आजही ठाऊक नाही. त्यामुळं मी नळासारखी नळ झाले होते.

बैठक होती संकटांवरची. पूर, वादळ, भूकंप यायच्या आधी काय करायचं, आल्यावर एकमेकांच्या मदतीला कसं धावायचं, याचं धोरण सगळे देश मिळून लिहीत होते. असं धोरण लिहिताना ज्या शब्दांवर भांडण मिटलेलं नसतं, ते शब्द चौकोनी कंसात ठेवतात. सगळे कंस उडाले की मसुदा पास. आणि कंस घालण्यात एका गृहस्थाचा हात धरणारा जगात कुणी नव्हता. उंच, वाकलेला, कपाळाला कायमची आठी. आम्ही दुभाष्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं कंसमामा. 'आणि' हा शब्दसुद्धा त्यानं कंसात टाकला होता. का, तर 'आणि' म्हटलं की दोन्ही करावं लागतं.

त्याच्या देशानं त्याला एकट्यालाच पाठवलं होतं. त्याची भाषा त्या सगळ्या इमारतीत मला एकटीला यायची. माझे वडील पूल बांधायचे, त्या कामावर मी लहानपणी त्याच्या देशात वाढले होते. म्हणजे तो बोलला की आधी मी ऐकायचे, मी बोलले की बाकीच्या काचेच्या खोल्यांतले दुभाषी माझ्यावरून आपापल्या भाषेत करायचे. मी जे बोलेन ते कंसमामा बोलला. पडताळून पाहणारं कुणी नाही.

तर शेवटचं कलम, परिच्छेद बारा, अडलं होतं. 'इशारा देताना माणसाला पुढं काय करायचं ते त्याच्या भाषेत सांगावं.' साधं वाक्य. कंसमामानं 'पुढं काय करायचं ते' कंसात घातलं, मग 'त्याच्या भाषेत' कंसात घातलं. उरलं काय? 'इशारा देताना माणसाला सांगावं.' काय सांगावं? गंमत सांगावी?

त्याचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं हो. म्हणायचा, "भोंगा वाजवला की सरकारचं काम झालं. 'डावीकडे जा' असं सांगितलं आणि डावीकडे दरड कोसळली, तर लोक कुणाचा गळा धरतील?" त्याच्या वरच्यांनी त्याला तसं पढवून पाठवलं होतं. आठवडाभर तो तेच बोलत होता आणि आठवडाभर मी माईकमध्ये तेच म्हणत होते, "मी कंस काढणार नाही." झोपेतही म्हणायला लागले होते.

शेवटच्या दिवशी, दुपारची जेवणं होऊन सगळे जड झालेले, कंसमामा बोलायला उभा राहिला आणि इमारतीचा भोंगा वाजला.

आता ऐका. हॉलमध्ये बसलेले कोण? जगातले आपत्तीवरचे सगळे तज्ज्ञ. भोंग्यावर पुस्तकं लिहिलेली माणसं! एक जण जागचा हलला असेल तर शपथ. निम्म्यांना वाटलं, सराव असेल. उरलेल्यांना वाटलं, सराव आपणच ठेवलेला असेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वक्त्यांनी चालू ठेवावं." एका जाड मिशीवाल्यानं, बोलायची पाळी मागतात तशी, देशाची पाटी उभी करून विचारलं, "हा भोंगा आजच्या विषयपत्रिकेवर आहे का?" त्याच्या शेजारच्यानं सुचवलं, भोंग्याचा अर्थ काय यावर एक छोटा गट नेमावा. आणि त्याला अनुमोदन मिळालं! हसू नका. माझ्या कानांनी ऐकलंय, माझ्या तोंडानं सांगितलंय.

कंसमामा आवाज चढवून बोलतच होता, "परिच्छेद बारामधला दुसरा कंस..." आणि मी त्याच्यामागून, "परिच्छेद बारामधला दुसरा कंस..."

आमच्या काचेच्या खोलीचं मागचं दार उजव्या बाजूच्या बोळात उघडायचं. तिथून घशाला लागेल असा वास आला. वळून बघते तर दाराखालून धूर. पांढरा, बारीक, कुणी दाराखालून दोरा सारावा तसा. खाली हॉलमधल्यांना तो दिसणं शक्य नव्हतं. बोळाच्या टोकालाच उजवा जिना. सगळे त्याच जिन्यानं वर आले होते, म्हणजे उठले असते तर त्याच जिन्याकडे धावले असते.

माझ्या कानात कंसमामा, "कंस तसाच ठेवावा अशी माझी..." आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं?

"मी इथं थांबतो. आग लागली आहे. सगळ्यांनी उठा. डावीकडच्या जिन्यानं खाली उतरा. लिफ्ट नको. बॅगा राहू द्या. आत्ता."

अगदी शांत आवाजात. नळासारखं. बाकीच्या खोल्यांतल्या दुभाष्यांनी ते झपाझप आपापल्या भाषेत केलं, सवयीनं. आणि काय सांगू, सगळा हॉल उठला! भोंग्यानं जे झालं नाही ते एवढ्याशा वाक्यांनी झालं. अध्यक्षबाई हातोडी टाकून उठल्या. मिशीवाला आपली पाटी घेऊन निघाला होता, ती परत ठेवून निघाला. रांगेनं सगळे डावीकडे.

माझा जोडीदार दुभाषी, बाकीच्या भाषांसाठी नेमलेला, शेजारी बसला होता. वयानं मोठा, त्याला सगळे दादा म्हणायचे. त्यानं माझी बाही ओढली.

"अगं, हे तो बोलला?"

"नाही."

"मग?"

"मग काय? चला!"

"मेलीस तू," दादा म्हणाला, आणि माझ्याआधी पळाला.

हॉलमध्ये राहिला एकटा कंसमामा. त्याच्या कानात काही नव्हतं, बोलताना तो हेडफोन काढून ठेवायचा. त्याला दिसलं काय, तर आपण भाषण करतोय आणि सगळं जग पाठ फिरवून चाललंय. त्याला वाटलं, सभात्याग! बिचारा कागद गोळा करायला लागला. मी जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याच्या भाषेत ओरडले, "साहेब, आग! चला!" एवढा उंच माणूस, पण कोकरासारखा आला.

खाली मोकळ्या जागेत सगळे खोकत उभे. बंबवाले आले. लिफ्टच्या यंत्रखोलीत वायर जळाली होती. आग लहान, पण उजव्या जिन्यात धूर असा कोंडला होता की बंबवाला म्हणाला, "या बाजूनं उतरला असता तर आज मला तुम्हाला खांद्यावर मोजून आणावं लागलं असतं." त्यावर सगळे एकदम कंसमामाकडे वळले.

टाळ्या! अहो, झाडावरचे पक्षी उडाले, एवढ्या टाळ्या. मिशीवाल्यानं त्याला मिठी मारली. अध्यक्षबाईंनी दोन्ही हात हातात घेतले. आणि कंसमामा? मघाशी सभात्याग आणि आता मिठी. त्याला काही कळेना.

"दुभाषी कुठाय?" अध्यक्षबाईंनी हाक मारली. हेडबाईनं मला पाठीवर बोट टोचून पुढं केलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली, कान टवकारून.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, आठवडाभर ज्या कलमाला तुम्ही विरोध केलात, तेच तुम्ही आज करून दाखवलंत. काय करायचं ते सांगितलंत, प्रत्येकाच्या भाषेत. तुमच्या शब्दांनी आम्ही वाचलो."

आता मी काय करू? नळानं पाणी सोडलंच पाहिजे. मी त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या कपाळावरची आठी आधी वर गेली, मग खाली आली.

"मी?" तो मला म्हणाला. "मी असं काय बोललो?"

हेडबाईनं लगेच विचारलं, "काय म्हणतायत ते?"

माझ्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा प्लास्टरमधला पाय आला, मुलीचं दप्तर आलं, सासूबाईंची नजर आली. मी हळूच त्याच्या भाषेत म्हणाले, "साहेब, तुम्ही परिच्छेद बारावर बोलत होतात. बाकीचं मी बोलले. तुमच्या नावावर. चूक माझी आहे, आता तुम्ही म्हणाल तसं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगत नाही. पण माझ्या हिशोबानं तेवढ्यात मुलगी पहिलीतून कॉलेजात गेली.

एक वाक्य बोलला असता तरी पुरे होतं. 'हे माझे शब्द नाहीत.' ते वाक्य मलाच भाषांतर करून हेडबाईला सांगावं लागलं असतं, आणि मग माझी पर्स उचलून घरी.

तो ताठ उभा राहिला. इतका ताठ की तो मुळात वाकलेला नव्हताच असं वाटलं. आणि मोठ्यानं म्हणाला. मी मागोमाग म्हणाले, "हो. मी बोललो. आणि अजूनही माझं तेच म्हणणं आहे."

पुन्हा टाळ्या. हेडबाईनं फक्त मान हलवली. तिनं मान हलवणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात हार घालणं.

बैठक मग शेजारच्या इमारतीच्या कॅन्टीनमध्ये भरली, टेबलं पुसून. दुभाष्यांना खोल्या नाहीत, म्हणून आम्ही प्रतिनिधींच्या मागं उभं राहून कानात सांगत होतो. कंसमामानं दोन्ही कंस काढले. वाक्य पुरं झालं आणि पास झालं. त्याच्या वरच्यांचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "इथं सगळे उठून निघून गेले होते, मी एकटा काय करणार?" ते तर खरंच होतं.

नंतर आम्ही दोघं चहा प्यायला बसलो. मी म्हणाले, "साहेब, का?" तो म्हणाला, "बाई, मी उभ्या आयुष्यात इतकं बोललो. माझ्या बोलण्यानं कधी कुणी खुर्चीतून हललं नाही. आज सगळा हॉल हलला. ते मी नाकारू होय?" मी त्याच्या भाषेत थँक्यू म्हणाले, तर म्हणाला, "याचं भाषांतर नको."

मी कायम झाले. त्या नोकरीवर नवऱ्याचा पाय बरा झाला, मुलगी शिकली, सासूबाई शेजारणींना सांगायला लागल्या की सून जग चालवते. आणि ते कलम कुठं कुठं पोचत पोचत, कितीतरी वर्षांनी, माझ्या मुलीच्या फोनवर आलं. ती नदीकाठी राहायची, नात पाळण्यात. आधी नुसता भोंगा वाजायचा, आणि लोक गच्चीत जाऊन पाणी बघत उभे राहायचे. या वेळी आपल्या भाषेत चार ओळी आल्या: शाळेमागच्या टेकडीवर जा, गाडी काढू नका, औषधं आणि पाणी घ्या, लगेच निघा. मुलीनं माझं आजवर एक ऐकलेलं नाही. पण ते ऐकलं, आणि नदी घरात शिरली तेव्हा घरात कुणी नव्हतं. म्हणून ही नात आहे, आणि म्हणून ती मला फेकू नकोस असं म्हणायला मोकळी आहे.

मी रोज सकाळी त्या माणसाचे आभार मानते, त्याच्या भाषेत. त्याची भाषा घरात कुणाला कळत नाही, त्यामुळं त्यांना वाटतं आजी खोकते.

आता शप्पथ घेतलीय तर एक सांगून टाकते. धूर, मिशीवाला, टाळ्या, सगळं खरं. ते चहावरचं बोलणं तेवढं माझं. चहा झाला, दोन दोन कप झाला, पण तो काही बोलला नाही. मी का म्हणून विचारलं, त्यानं साखर ढवळली, माझ्याकडे बघून हसला आणि रिकामा कप पुढं केला, आणखी ओत म्हणून. त्यानं मला का वाचवलं ते मला आजही माहीत नाही. इतकी वर्षं मी कारण शोधतेय, आणि सापडलं नाही की त्याच्या तोंडी एक घालते.