बोटानं आवळायचे जोड

…चार. चारही बशीतच होत्या. काळ्या, रबराच्या, बाहुलीच्या हातात बांगडी म्हणून बसतील एवढ्या रिंगा, चहाच्या बशीत एकीला एक चिकटून – आणि लुंबिनीला आधी फक्त त्यांची चमक दिसली, काहीतरी गोड पडलंय एवढंच वाटलं. शनिवारची सकाळची शाळा सुटून मुदखेडच्या उन्हातून पळत आलेली ती, दप्तर अजून खांद्यावर, घशाला कोरड… आणि मग ती जागीच थांबली. या रिंगा बशीत असायलाच नको होत्या. काल संध्याकाळी तिने त्या एकेक करून, स्वतःच्या हाताने, जोडांच्या आत बसवल्या होत्या.

शेजारी तिचा डबा उभा होता. घरात सगळे डबाच म्हणतात, ती कॅबिनेट म्हणते, तरी मनातल्या मनात तीही डबाच म्हणते. दोन बाजूंना इस्लापूरच्या मामाने दिलेल्या सागवानी फळ्या, घासून घासून मधासारख्या झालेल्या; पुढून-मागून पप्पांच्या कूलरचा पत्रा, त्याला तिने कापून, दुमडून, कूलरला असतात तशाच तिरप्या झापा केलेल्या; आणि आत, वरच्या काचेतून दिसणारी पारदर्शक नळी – पंपातून निघायची, प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून त्याची उष्णता उचलून न्यायची, पंख्यांमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये गार व्हायची आणि परत पंपाकडे; ठोकळ्याला दोन आणि रेडिएटरला दोन, असे नळीचे चार पितळी जोड. कॉम्प्युटरच्या पोटातून पाणी फिरणार, हे वर्गात कुणाला खरंच वाटत नव्हतं. नका वाटू देऊ. मी केलंय. डिझाईन माझं, कापणं माझं, कानशीने घासताना सोललेलं बोटसुद्धा माझंच.

आणि काम तर बाहेरचं, पहिलंवहिलं. लातूरचा संगमेश लग्नांची शूटिंग करतो. एप्रिलच्या उकाड्यात त्याचा कॉम्प्युटर असा तापतो, की अक्षता पडायच्या आतच बंद. त्याने सगळे भाग तिच्या हवाली केले होते आणि फोनवर म्हणाला होता, त्यात तीन लग्नं हायत बाई, सांभाळून, नवरीला काय सांगू मी? उद्या दुपारी तो न्यायला येणार होता. त्याआधी आजच्या दुपारपासून उद्याच्या दुपारपर्यंत नुसता पंप चालवून, जोडांखाली कागद पसरून बघायचं होतं – एक थेंब जरी पडला, तरी डबा द्यायचा नाही. थेंब बोर्डावर गेला की तिन्ही लग्नं गेली. आणि तिच्याकडे पुन्हा कोण काम देणार, अकरावीतल्या पोरीकडे?

पप्पा आतून हात पुसत आले. आनंदराज कूलरवाले, स्टेशन रोडवर तीस वर्षं. त्यांच्या चेहऱ्यावर आज एवढा आनंद होता, की तिचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

“रबराचा काय भरवसा, माय? एक उन्हाळा गेला की वाळून जातं. ते काढून चारी जोडांना सुतळी-सफेदा केला मी. पान्यानं आवळले. आता हत्ती बसला तरी गळत न्हाई.”

सुतळी-सफेदा… तिला ते चालता-बोलता येत होतं, कूलरच्या नळाला दोरा गुंडाळायचा, वर पांढरा लगदा थापायचा, पाना लावून आवळायचं, याच वासात ती वाढली होती. पण इथे तो लगदा पाण्यात सुटणार, ठोकळ्यातल्या केसाएवढ्या बारीक वाटा बुजवणार. आणि ठोकळ्याचं झाकण ॲक्रिलिकचं, काचेसारखं तडकणारं. त्याला पाना लावला तर… ती वाकून बघत राहिली, आणि तिच्या आत कोणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं – का हात लावला, मला विचारलं का, माझं होतं ना ते!

कारण पप्पा असे नव्हतेच कधी. ती नऊ वर्षांची असताना त्यांनी पत्रा कापायची कात्री तिच्या हातात दिली होती, आणि तिने कापलं ते इतकं वाकडं, की शेजारचा धोंडप्पा मिस्त्री पोट धरून हसला. पण पप्पांनी तो तुकडा तस्साच्या तस्सा कूलरला लावला, मागच्या बाजूला, आणि गिऱ्हाईकाला सांगितलं, हे माझ्या पोरीनं कापलंय. तिचं काम त्यांनी कधी परत केलं नाही. कधीच. आणि आज, पहिलं खरं काम आलं, तेव्हा… म्हणजे तेव्हा लाड होते ते. भरवसा नव्हता.

“पप्पा,” ती म्हणाली, आतल्या आवाजापेक्षा कितीतरी हळू, “हे जोड बोटानं आवळायचे असतात. पाना न्हाई लावायचा.”

पप्पा कोपऱ्यातला स्टूल ओढून बसले. तिने जोड उघडले, सुतळी सोडवली, जुन्या दाताच्या ब्रशने सफेदा घासला, रिंगा धुऊन पुन्हा आत बसवल्या. आणि ते सगळा वेळ बघत होते – शिकणारा बघतो तसं, आणि तिला ते बघवत नव्हतं. शेवटच्या जोडाशी, ठोकळ्याच्या झाकणावर, एक रेघ दिसली. केसाएवढी. ओरखडा की भेग? तिने नख फिरवलं. एकदा अडकल्यासारखं वाटलं, एकदा नाही. तिने काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते तिलाही कळलं नाही… रागाने असेल. किंवा त्या मघाच्या आनंदामुळे.

बॅटरीत घालतात ते पाणी भरलं, बोर्डाची वायर काढून ठेवली, कागद पसरले, पंप लावला. नळीतून बुडबुडे पळाले, एकामागे एक, शाळा सुटल्यासारखे, आणि मग पाणी इतकं नितळ झालं की फिरतंय हे कळेना. पप्पा स्टुलावरून उठले. रुसले असतील तर विसरले. त्यांनी त्यांच्या धंद्याच्या रीतीने पहिल्या जोडाखालून बोट फिरवलं आणि ते बोट खालच्या ओठाला लावलं. मग दुसरा जोड. बोट, ओठ.

हे ती हिवाळाभर बघत होती. मैत्रिणींपुढे तिने त्याची नक्कलसुद्धा केली होती – आमचे पप्पा पाणी चाखून कूलर पास करतात म्हणून – आणि सगळ्या जणी हसून हसून… पण ते चाखणं नव्हतं. जीभ कुठे लागत होती? फक्त ओठ. ओलं आहे की कोरडं, हे ओठाला विचारत होते ते.

“पप्पा, बोटाला कळत न्हाई का?”

त्यांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला. “दिवाळीपासून. शुगरनं. आधी टोकाला मुंग्या यायच्या, आता त्याबी न्हाईत.” मग थोडं हसले. “ओठाला कळून राहिलंय अजून.”

आईला माहीत होतं; गोळ्या तीच आणत होती. तुझी परीक्षा होती, म्हणून न्हाई सांगितलं, म्हणाले. आणि लुंबिनीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागची हलायला लागली – सकाळी आई त्यांच्या शर्टाची बटणं लावते आणि आपण चिडवतो, नवरदेव म्हणतो. या उन्हाळ्यात त्यांनी जेमतेम सहा कूलर बनवले आणि आपण प्लास्टिकच्या तयार कूलरांना शिव्या घातल्या. आणि आजचा पाना… बोटानं किती आवळलं, हे ज्याला कळतच नाही, तो पाना नाही घेणार तर काय घेणार? माझ्यावरचा भरवसा नव्हता गेलेला. दुसराच कुठला तरी गेला होता, त्यांचा त्यांच्यावरचा, आणि तो जाताना मी घरातच होते, त्याच खोलीत, पत्रा कापत, गाणी म्हणत.

“बाकीचे तू बघ,” पप्पा म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.

तिसऱ्या जोडाखालून तिने बोट फिरवलं. थंड पितळ, आतून जाणाऱ्या पाण्याची बारीकशी थरथर, आणि काही नाही. किती काय काय कळतं एका बोटाला, तिने कधी मोजलंच नव्हतं.

“कोरडं.”

त्यांनी मान डोलावली. लगेच. स्वतः हात न लावता.

राहिला तो रेघेचा. तिचं बोट त्याच्याजवळ गेलं आणि टिचभर अलीकडे थांबलं. रिझल्ट लागला की सगळ्यांत आधी उघडणारी ती, फोडणीत मोहरी तडतडायच्या आत झाकण काढून बघणारी ती – तिला घाई नव्हती. संगमेश, त्याची तीन लग्नं, उद्याची दुपार, सगळं होतं, पण पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असावं तसं. पप्पा जोडाकडे बघतच नव्हते. तिच्या तोंडाकडे बघत होते. ती कोरडं म्हणाली असती तरी त्यांनी मान डोलावली असती, ओलं म्हणाली असती तरी. मघापासून तिला हेच तर हवं होतं, अगदी एवढंच, आणि ते आता असं समोर उभं होतं, तर तिला वाटलं – थांबा जरा, पप्पा. मला नीट बघू द्या. चुकून चालणार नाही आता माझं.