अक्कांच्या हाताची सूज जाते कुठे

मला एक वाईट खोड आहे. एखादी गोष्ट अशी का होते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई म्हणायची, ही पोरगी सासरी गेली की महिन्याभरात परत धाडतील. परत कुणी धाडलं नाही, पण लोहारा गावातल्या त्या घरात सासूबाई, म्हणजे पार्वतम्मा, दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच, "नीलम्मा, गप बस की जरा." मी गप्प बसायची, पण डोळे मिटून नव्हे.

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षी मला झपाटलं ते माझ्या थोरल्या जावेच्या डाव्या हाताने. तिचं नाव इरम्मा, मी अक्का म्हणायची. आदल्या हिवाळ्यात अक्कांच्या काखेत मोठी गाठ आली, पिकली आणि फुटली. जखम भरून आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण पुढे हळूहळू हात भरू लागला. दुखत नव्हता, नुसता जड झाला होता. मनगटाचं हाड दिसेनासं झालं. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

नुसती सूज असती तर अक्कांनी ती अंगावरच काढली असती. खरी अडचण बांगड्यांची होती. संक्रांत झाल्यावर माझे थोरले दीर शिवलिंगप्पा सरहद्द ओलांडून पलीकडच्या कॅम्पात गेले होते. निजामाविरुद्ध उठलेली पुष्कळ माणसं तेव्हा तिकडे होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी कोंडीराम कासाराला घरी बोलावलं आणि स्वतःसमोर अक्कांचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरवले. त्यानंतर आषाढ सरत आला तरी त्यांची काही खबर नव्हती.

कोंडीराम पंचमीच्या बांगड्या घेऊन आला आणि अक्कांचा हात बघून त्याने पेटी उघडलीच नाही.

"वैनी, ह्या काढाय पायजेत. निघायच्या न्हायत, कापाव्याच लागतील. काच मांसात रुतली म्हंजी हात जाईल."

अक्कांनी हात पदराखाली घेतला. "ते आल्याबिगर न्हाय."

"बरं, सणाच्या तोंडावर म्या बी कापणार न्हाय. पंचमी होऊ द्या, मग येतो. तवर इचार करा."

तो गेल्यावर सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. पोराची खबर नाही आणि सुनेच्या बांगड्या वाढवायच्या, हे त्यांना सोसणारं नव्हतं. हात राखायचा तर बांगड्या जाणार आणि बांगड्या राखायच्या तर हात जाणार. मला दोघींचा राग येत होता आणि दोघींची दयाही.

उपाय चालू होते. हाताला आराम पाहिजे म्हणून तो झोळीत बांधून ठेवला होता. दृष्ट लागली असेल म्हणून दंडाला काळा दोरा घट्ट आवळला होता. आणि रोज संध्याकाळी सासूबाई लिंबाचा पाला घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत हात खाली निपटायच्या. आमच्याकडे विंचवाचं विष असंच उतरवतात. अक्का बिचाऱ्या निमूट बसायच्या, आणि पाला फिरवून झाला की बोटं आणखी टरारलेली दिसायची.

मला मात्र वेगळंच काहीतरी दिसलं होतं. आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि पूजा करायची. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. अक्का फार भाविक. त्या झोळीतून हात काढून तो उजव्या हाताने तोलून धरायच्या आणि कितीतरी वेळ बसायच्या. पूजा संपली की बांगड्या किंचित सैल झालेल्या असायच्या. दुपारनंतर परत रुतायच्या.

खात्री करून घ्यायची म्हणून मी रोज सकाळी पूजेआधी सगळ्यात वरच्या बांगडीपाशी कुंकवाचं बोट लावू लागले. पूजेनंतर बांगडी त्या खुणेच्या खाली सरकलेली असायची. मी काहीतरी व्रत धरलंय असं वाटून सासूबाई खूश झाल्या.

मी त्यांना खूण दाखवली तर म्हणाल्या, "महादेवाची कृपा हाय ती. दुसरं काय?"

"व्हय आत्याबाई. पर मग दुपारी ती कृपा कुठं जाती?"

"गप बस," सासूबाई म्हणाल्या.

नागपंचमीला एरवी गावभर झोके आणि फेर असतात. त्या वर्षी दिवस वाईट होते, बायका घराबाहेर पडत नव्हत्या. मग मी परसातल्या लिंबालाच चऱ्हाट बांधलं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, कामं थोडी. अक्का नको नको म्हणत होत्या. मी त्यांची झोळी सोडली आणि त्यांना ओढूनच झोक्यावर उभं केलं. दोन्ही हात वर, चऱ्हाट मुठीत. आधी भीत भीत, मग जोरात. झोका वर गेला की मूठ आवळायची, खाली आला की ढिली सोडायची. दीर गेल्यापासून अक्का पहिल्यांदाच हसत होत्या. मला इतकं बरं वाटलं की हाताचा विसरच पडला.

संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं तर बांगडी कुंकवाच्या खुणेच्या पार खाली आली होती. इतकी खाली ती पूजेनंतरही कधी आली नव्हती.

"नागोबा पावला," सासूबाई म्हणाल्या.

आता मला राहवेना. सकाळी महादेव पावतो, पंचमीला नागोबा पावतो, आणि दोघंही नेमकं तेच काम करतात. मग दोन्ही वेळी सारखं काय होतं? लिंग हातात असलं तरी हात वर. चऱ्हाट हातात असलं तरी हात वर. आणि झोक्यावर मुठीची उघडझाक होती, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ना पूजा ना सण, मी अक्कांना भिंतीला टेकून बसवलं, हात उतरंडीच्या मडक्यावर ठेवायला लावला आणि मूठ आवळायला-सोडायला सांगितलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"देवाची परीक्षा घेतीस व्हय गं?"

"देवाची न्हाय आत्याबाई. हाताची."

बांगडी सरकली. फार नाही, पण सरकली. त्या दिवशी झोळी खुंटीला गेली आणि दंडाचा दोरा मी सैल करून बांधला.

पुष्कळ वर्षांनी उमरग्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की अंगात रक्ताखेरीज आणखी एक पाणी फिरत असतं, त्याला लसिका म्हणतात. काळीज रक्ताला ढकलतं, तसं या पाण्याला ढकलणारं कुणी नसतं. आपण हातपाय हलवले, दीर्घ श्वास घेतला, की ते पुढे चालतं. काखेतली वाट मोडली की ते हातात तुंबतं. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की हात वर केला की सूज खांद्याकडे जाते. आणि ती वर जात असेल, तर आपण रोज पाल्याने खाली का ढकलतोय?

हे मी बोलून दाखवलं आणि घरात वादळ उठलं. मी म्हणत होते, तेलाचा हात बोटांकडून खांद्याकडे फिरवू.

"दुखणं वर चढवतीस?" सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी अडवली. "काळजात गेलं म्हंजी? ल्योक कुठं हाय म्हाईत न्हाय, आन् सून बी घालवू का म्या?"

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. माझ्या चौकशीपायी अक्कांच्या जिवावर बेतलं तर मी तोंड कुठं दाखवणार होते? तेलाची वाटी मी खाली ठेवली.

अक्कांनीच ती उचलून माझ्या हातात दिली. "लाव. कोंडीराम येतोय. आता हाय काय आन् न्हाय काय."

मी अगदी हलक्या हाताने, बाळाच्या अंगाला लावावं तसं, तेल बोटांकडून वर नेलं. सासूबाई तोंड फिरवून जपमाळ ओढत होत्या. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी आधी अक्कांचं तोंड पाहिलं. त्या चुलीपुढे बसून पीठ मळत होत्या, दोन्ही हातांनी.

मग तोच परिपाठ झाला. सकाळी पूजा, दुपारी भिंतीपाशी बसणं, संध्याकाळी झोक्याचं चऱ्हाट धरून मुठी आवळणं, मग तेल. हात कोमट पाण्याने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, काट्याकुट्यात तो घालायचा नाही, तव्याचा चटका लागू द्यायचा नाही. झोपताना हाताखाली घडी घातलेली वाकळ. सूज पूर्ण गेली नाही, ती कधीच जाणार नव्हती. पण मनगटाचं हाड दिसू लागलं.

कोंडीराम यायच्या दिवशी सकाळी, पूजा झाल्या झाल्या, अक्कांनी तेलाचा हात माझ्यापुढे केला. पहिली बांगडी अंगठ्याच्या उंचवट्याशी अडली. अक्कांनी ओठ दाबले. मी त्यांचा पंजा चोळून-दाबून निमुळता केला, बांगडी थोडी फिरवली, आणि ती अख्खी बाहेर आली. सासूबाईंनी ती जमिनीला टेकू दिली नाही. वरच्यावर झेलली आणि अक्कांच्या उजव्या हातात चढवली. एकेक करून सगळ्या तशाच गेल्या, डाव्यातून निघाल्या आणि उजव्यात बसल्या. एकही वाढली नाही. डाव्या मनगटावर लाल वळ उरले होते, त्यांवर सासूबाईंनी स्वतः तेल लावलं, खालून वर. कोंडीराम आला आणि चहा पिऊन गेला.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत आटोपलं. कॅम्पातली माणसं परतू लागली. आमच्याकडे कुणी येत नव्हतं. अक्का रोज संध्याकाळी परसात जाऊन चऱ्हाट धरून उभ्या राहत.

अशाच एका संध्याकाळी परसाच्या दारात एक दाढी वाढलेला माणूस येऊन थबकला. मी आधी ओळखलंच नाही. तो अक्कांच्या वर केलेल्या, कोपरापर्यंत मोकळ्या डाव्या हाताकडे बघत होता; उजवा त्यांच्या आडोशाला होता. त्याच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली.

"माजं सारं उरकून घेतलं व्हय तुमी?" शिवलिंगप्पा म्हणाले.

अक्का वळल्या. त्यांनी फक्त उजवा हात वर केला. कोपराच्या जवळपास गेलेल्या सगळ्या हिरव्या बांगड्या एकमेकींवर आदळून वाजल्या. दीर तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडले. सासूबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी लेकाला पाणी दिलं आणि सूज खाली का ढकलायची नसते हे सगळं समजावून सांगितलं, जणू मुळात त्यांनीच शोधून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कोंडीरामला बोलावलं. "हिचा डावा हात भर. मोठ्या मापाच्या घाल."

अक्कांनी हात पुढे केला. दिरांनी तो कासाराच्या हातातून सोडवून घेतला, पुसट वळांवरून अंगठा फिरवला आणि आपल्या खांद्यावर ठेवून दिला.

"ऱ्हाऊ दे मोकळा," ते आईला म्हणाले. "म्या जिता समोर बसलोय की. हाताला कशाला सांगाय लावता?"