साडेचारची जाग

"हे झोपेतला ऑक्सिजन मोजणारं घड्याळ आहे, मनगटाच्या हाडाच्या जरा वर बांधा. करकचून नको, ढिलंही नको. आणि एका रात्रीच्या आकड्यावर जाऊ नका. सात रात्री लिहून आणा, मग बघू." दवाखान्यातल्या सिस्टरांनी असं बजावून सांगितलं होतं.

आमचे हे शाळेची बस चालवतात. मागे चाळीस मुलं, आणि आदल्या आठवड्यात सिग्नलला थांबल्या थांबल्या ह्यांचा डोळा लागला होता. घोरता घोरता ह्यांचा श्वास अडकतो, हे मी पंधरा वर्षं ऐकते आहे. सिस्टरांसमोर ह्यांनी शब्द दिला, "आकडे वाईट निघाले तर आधी तपासणी, मग स्टिअरिंग."

पहिल्या तीन रात्री ऑक्सिजन पुन्हा पुन्हा उतरला. चौऱ्याऐंशी, एक्क्याऐंशी, त्र्याऐंशी. चौथ्या रात्रीपासून मात्र शहाण्णवच्या खाली नाही. "उशी बदलली ना," हे म्हणाले. मी देवापुढे जास्तीचा दिवा लावला.

शेवटच्या सकाळी जप आटोपून वही भरायला बसले, तेव्हा घड्याळाकडून फोनवर येणाऱ्या झोपेच्या पट्टीकडे नीट पाहिलं. चारही रात्री जाग बरोब्बर साडेचारला, आणि पुढे झोप नाहीच. हे तर सहाचा गजर दोनदा वाजल्याशिवाय कूस बदलत नाहीत. साडेचारला उठणारी घरात माणसं दोनच: मी आणि माझ्यासोबत जपाला बसणारे सासरे. ते चार दिवस उकाड्यातही शाल पांघरून बसत होते. मी भाबडी, कणकण असेल म्हणून त्यांना गरम पाणी करून देत होते.

आठ वाजेपर्यंत न बोलण्याचा माझा नेम आहे. वही सासऱ्यांपुढे धरली आणि साडेचारवर बोट ठेवलं.

"सूनबाई, त्यानं गळ घातली," ते शालीखालून घड्याळ बांधलेलं मनगट काढत पुटपुटले. "म्हणाला, बाबा, तुमची झोप गुणी आहे, चार रात्री उसनी द्या."

ज्या हातात माळ, त्याच हाताला हे खोटं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हे चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "अगं, खेळणं आहे ते. कधी कमी दाखवतं, कधी जास्त. बस काढून घेतली तर घरी बसून काय माळ ओढू?"

"तू नको. आमच्यात जागा नाही," सासरे म्हणाले.

मी वहीत लिहिलं. पेन कागदात रुतत होतं.

'खेळणं असतं तर बाबांच्या हाताला कशाला बांधलंत? माझ्याशी खोटं बोललात, ते मी गिळेन. मागे बसणाऱ्या चाळीस जणांशी बोललात, ते गिळणार नाही. आज बसवर चढलात तर मी शाळेच्या दारात उभी राहून बोलेन.'

अकरा वर्षांत मी हा नेम मोडलेला नाही, हे ह्यांना ठाऊक आहे. ह्यांनी दोनदा वाचलं. कप खाली ठेवला आणि ऑफिसला फोन लावला. "आज दुसऱ्याला पाठवा. नाही, ताप नाही. झोपेची तपासणी करायची आहे."

मग माझ्या हातातलं पेन घेऊन शेवटच्या चार रात्रींपुढे स्वतः लिहिलं: 'हे बाबांचे.' बाबांच्या हातातलं घड्याळ काढून घेऊन आपल्या मनगटाच्या हाडाच्या जरा वर बांधलं. बसची किल्ली खुंटीला अडकवली.

दवाखाना नऊला उघडतो. साडेसहालाच हे वही काखेत मारून, चपला घालून, मान खाली घालून निघाले.